निरोपाच्या सामन्यात मी दिलेला आउट

सरांचा फोन आला तेव्हा मी शाळेत नववीच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बांधत होते. नागपूरजवळच्या वाडीतल्या एका शाळेत मी खेळाची शिक्षिका आहे, आणि सुट्टीच्या दिवशी सॉफ्टबॉलची पंच. सर जिल्ह्याच्या संघटनेचे सचिव. एकेकाळी माझे प्रशिक्षक.

"बारावीच्या पोरींचा निरोपाचा सामना ठेवला आहे रविवारी," ते म्हणाले. "जिल्ह्यातल्या सगळ्या चांगल्या पोरी निवडल्या. पूर्व विरुद्ध पश्चिम. आधी सत्कार, फोटो, मग पाच इनिंगचा खेळ. प्लेटवर मुख्य पंच म्हणून तू उभी राहा."

"दुसरं कोणी नाही का?"

"आहेत ना. पण तू उभी असली की पालक जास्त बोलत नाहीत. भेतात तुले."

हे त्यांनी कौतुक म्हणून म्हटलं. मीही कौतुक म्हणूनच घेतलं आणि हो म्हणून बसले. फोन ठेवल्यावर माझाच मला राग आला. ज्या माणसाचा आवाज ऐकला की अजून जबडा आवळला जातो, त्याच्या एका शब्दावर मी रविवार देऊन टाकला होता.

मी मूळची उमरेडची. दहावीनंतर नागपूरला आले, सक्करदऱ्याला मामाकडे राहिले, ते शिकायला कमी आणि सॉफ्टबॉल खेळायला जास्त. मी कॅचर होते. फलंदाजाच्या मागे उकिडवं बसायचं, पिचरचा प्रत्येक चेंडू घ्यायचा, आणि कोणी रन काढायला होम प्लेटकडे धावत आलं तर वाट अडवून तिला चेंडू लावायचा, म्हणजे टॅग करायचं. बोटं सुजायची, मांड्या भरून यायच्या, पण त्या जागेवरून अख्खं मैदान समोर दिसतं आणि आपणच ते चालवतो आहोत असं वाटतं.

आमच्या संघात दोन कॅचर होत्या. दुसरी माझ्याच वर्गातली, माझी जवळची मैत्रीण. दोन वर्षं मी पहिली आणि ती दुसरी. पायांना बांधायची पॅडं एकच जोडी होती. मी खेळायची तेव्हा मी बांधायची, ती खेळायची तेव्हा ती. पट्टा दोघींना एकाच भोकात बसायचा, उंचीही सारखीच. हे एवढ्यासाठी सांगते की बारावीत राज्याच्या स्पर्धेची यादी लागली तेव्हा तीत तिचं नाव होतं आणि माझं नव्हतं. कारण विचारायला गेले तर सर म्हणाले, "तुझी उंची कमी पडते."

मी मैत्रिणीला विचारलं, "तुले माहीत होतं का?"

"मले काहून विचारतेस वं? सरांले विचार," ती म्हणाली, आणि पॅडं उचलून सरावाला गेली.

तिचे वडील तेव्हा संघटनेच्या कमिटीत होते. एवढं मला पुरे होतं. त्या दिवसापासून तेवीस वर्षं मी हे असंच मांडून ठेवलं होतं: सरांनी माझी जागा कमिटीच्या माणसाच्या मुलीला दिली, आणि तिने ती गुपचूप घेतली. राज्याला खेळले असते तर पुढे काय झालं असतं, हे मी कधी कोणाशी बोलले नाही. पण सरांसमोर उभी राहिले की तेच डोक्यात असायचं. ते मला "बेटा" म्हणायचे तेव्हा तर जास्तच.

रविवारी सकाळी सातला मैदानावर पोचले तेव्हाच ऊन लागायला सुरुवात झाली होती. एका बाजूला मंडप, त्यात खुर्च्या, दोन कूलर, आणि कापडी फलकावर मुलींचे फोटो. प्रत्येक फोटोखाली नाव, शाळा आणि 'उज्ज्वल भविष्यासाठी शुभेच्छा'. मुली आधीच आल्या होत्या. नवे टी-शर्ट, केसांना रिबिनी, एकमेकींच्या पाठीवर मार्करने सह्या. एक रडत होती, दोघी तिला हसत होत्या. आमच्या वेळी असलं काही नव्हतं. आम्ही शेवटचा सामना खेळलो, चपला घातल्या आणि घरी गेलो. या मुलींचा मला हेवा वाटत होता, आणि हेवा वाटतो आहे म्हणून त्यांचा रागही येत होता.

सत्काराची पद्धत अशी ठरली होती की मुलीचं नाव पुकारलं की तिने आई-वडिलांचा हात धरून होम प्लेटपासून मंडपापर्यंत चालत जायचं. तिथे सर शाल आणि स्मृतिचिन्ह देणार. मी माझी छातीची ढाल आणि मुखवटा हातात घेऊन बाजूला उभी होते. पाहुणे उशिरा आले, म्हणून आधी सरांचं भाषण झालं.

"या सगळ्या माझ्या पोरी आहेत," सर म्हणाले. "मी कधी कोणामध्ये फरक केला नाही. ज्या पोरीनं घाम गाळला, तिले न्याय मिळाला."

टाळ्या झाल्या. मी वाजवल्या नाहीत. शेजारी उभा असलेला दुसरा पंच माझ्याकडे बघून गालात हसला. मी त्याच्याकडेही बघितलं नाही.

पाचव्या की सहाव्या नावाला ती दिसली. माझी मैत्रीण. अंग सुटलं होतं, चष्मा लागला होता, पण चाल तीच, टाच जरा आत वळवून टाकलेली. तिचा हात एका उंच, काळ्यासावळ्या मुलीने धरला होता. मुलीच्या टी-शर्टावर पश्चिम संघाचा रंग. पुकारणाऱ्याने सांगितलं, पश्चिम संघाची कॅचर.

शाल घेऊन परत येताना ती माझ्यासमोर थांबली.

"काहून वं, ओळखलं नाही का?"

"ओळखलं."

"मग बोलून नाही राहिली ते?"

"ड्युटीवर आहे."

ती हसली. "तू अजून तशीच आहेस. ही माझी पोरगी. बघशील आज, कशी खेळते ते. माझ्यापेक्षा चांगली आहे."

"ते काही कठीण नाही," मी म्हणाले.

मुलीने ते ऐकलं. तिने माझ्याकडे असं बघितलं की मला कळलं, हिला माझ्याबद्दल घरी काहीतरी सांगितलेलं आहे. काय सांगितलं असेल कोण जाणे. आईने मुलीच्या दंडाला धरलं आणि दोघी मंडपाकडे गेल्या.

खेळ सुरू झाला. प्लेटवरचा पंच कॅचरच्या अगदी मागे, तिच्या खांद्यावरून वाकून उभा असतो. त्यामुळे पूर्व संघाची फलंदाजी असायची तेव्हा ती मुलगी माझ्यापासून हातभर अंतरावर बसलेली असायची. मला तिच्यात खोट काढायची होती. निघाली नाही. तिचे हात हलके होते. चेंडू घेताना ती मिट, म्हणजे कॅचरचा जाड हातमोजा, ओढायची नाही, चेंडूच मिटमध्ये येऊन बसायचा. पहिल्या इनिंगमध्ये दुसऱ्या बेसकडे चोरून धावणाऱ्या मुलीला तिने गुडघ्यावरूनच चेंडू फेकून बाद केलं. मंडपात आरडाओरडा झाला.

दुसऱ्या इनिंगमध्ये एक चेंडू मी बॉल दिला, म्हणजे ठरलेल्या पट्ट्याबाहेरचा. तिने मान वळवली नाही. समोर बघतच म्हणाली, "मॅडम, आत होता."

"खाली होता."

"गुडघ्याच्या वर होता, मॅडम."

"तू खेळ. ते माझं काम आहे."

यात काही विशेष नाही, कॅचर पंचाशी असं बोलतातच. मीही बोलायची. पण पुढचा तसाच चेंडू मी मुद्दाम पुन्हा बॉल दिला. हो, मुद्दाम. या वेळी तिने नुसता श्वास सोडला. तेवढ्यात मंडपातून तिच्या आईचा आवाज आला, "दिसून राहिलं का तिथून? की चष्मा पाठवू?" लोक हसले. सरही हसले. आज सण आहे, असंच सगळ्यांनी धरलं होतं. मी मुखवट्याच्या आत घामाने भिजले होते आणि मनात एकच गोष्ट घोळत होती, की तेवीस वर्षांपूर्वीही ही दोघं असंच हसली असतील.

चौथी इनिंग संपली तेव्हा पूर्व संघ एका रनाने पुढे होता. पाचवी शेवटची, आणि तीत पूर्वला रन काढता आला नाही. पश्चिमच्या दोघी बाद झाल्या, तिसरी बाद झाली की डाव संपणार होता, आणि मग या मुलीने डाव्या बाजूला फटका मारून दुसरा बेस गाठला. पुढच्या मुलीने चेंडू मधून काढला. ही तिसऱ्या बेसला वळली आणि न थांबता होमकडे निघाली. पोचली तर बरोबरी. आधी चेंडू लागला तर खेळ खलास.

अशा वेळी पंचाने काय करायचं हे मी स्वतः नव्या पंचांना शिकवते. जागा बदलायची. धावणारी मुलगी आणि कॅचरची मिट यांच्यामधली फट दिसेल अशा कोनात जायचं. फट दिसली नाही तर आउट द्यायचा नाही. जे डोळ्याने पाहिलं तेवढंच सांगायचं.

मी जागा बदलली नाही. मंडपात तिची आई खुर्चीवरून उठून ओरडत होती, "धाव वं, धाव!" आणि माझी नजर तिकडे गेली. एक क्षण, जास्त नाही. परत वळले तेव्हा पूर्वच्या कॅचरची पाठ माझ्यासमोर होती, मुलगी घसरत आत आली होती आणि धूळ उडाली होती. मिट तिच्या पायावर होती. आधी लागली की नंतर, मला दिसलं नव्हतं.

मी मूठ वर केली. "आउट!"

मग पूर्वच्या मुली उड्या मारत धावत आल्या आणि ही उठून ओरडली, "लागलाच नाही! मॅडम, पाय आधी आला!" तिच्या गुडघ्यातून रक्त येत होतं. पूर्वची कॅचर, जिने टॅग केला ती, खाली बघत होती. तिचा चेहरा मी पाहिला आणि मला कळलं. पाय आधी आला होता.

मंडप उठला. तिची आई मैदानात धावत आली. "तू हे जाणून केलं," ती म्हणाली. "माझा राग माझ्या पोरीवर काढला तू. लाज वाटते का?"

"पालकांनी रेषेच्या बाहेर जायचं," मी म्हणाले. माझा आवाज अगदी शांत होता, आणि तो शांत आहे याचं मला बरंही वाटत होतं. हेच सगळ्यात वाईट.

सर आले. हळू आवाजात म्हणाले, "बेटा, कौतुकाचा सामना आहे. कोणाचं काय जाते? बरोबरी देऊन टाक. दोन्ही संघांच्या पोरी खुश."

"निर्णय झाला, सर."

"दुसऱ्या पंचाले विचार तरी."

"प्लेटवर मी आहे. तुम्हीच बोलावलं मले."

मग त्यांचा आवाज चढला. मुली, पालक, पाहुणे, सगळे ऐकत होते. "तू पहिलेपासून अशीच आहेस. हरली की कोणाचं तरी डोकं फोडायच्या तयारीत. म्हणूनच काढली होती मी तुले राज्याच्या संघातून. तिच्या बापानं सांगितलं म्हणून नाही काढली."

"उंची कमी पडते म्हणाला होतात."

"तू अठरा वर्षांची पोर. तोंडावर काय सांगणार होतो? जिल्ह्याच्या फायनलमध्ये बॅट फेकून मारली होती पंचाच्या पायावर. आठवते का?"

आठवत होतं. मी ते विसरले नव्हते, फक्त त्या यादीशी ते कधी जोडलं नव्हतं. बॅट हातातून निसटली, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगितलं होतं, मामालाही. निसटली नव्हती.

"मग तेव्हाच सांगायचं होतं," मी म्हणाले. "तेवीस वर्षं मी तिच्याशी बोलले नाही."

"तो तुझा प्रश्न आहे," सर म्हणाले, वळले, आणि माइकवर जाऊन पूर्व संघ विजयी झाल्याचं जाहीर केलं. ढोल वाजले. अर्ध्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. पश्चिमच्या मुली एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या, आणि हे निरोपाचं रडणं नव्हतं.

फोटोसाठी सगळ्यांना बोलावलं तेव्हा ती मुलगी गेली नाही. मी झाडाखाली बसून पायाची पॅडं सोडत होते. ती समोर येऊन उभी राहिली. गुडघ्याला रुमाल बांधला होता.

"मॅडम, तुम्हाला दिसलं का?"

मला खोटं बोलता आलं असतं. पंच रोज असं बोलतात, मला दिसलं ते मी दिलं. तेच वाक्य तोंडात आलं होतं.

"नाही दिसलं," मी म्हणाले.

"मग आउट काहून दिला?"

मी पट्टा सोडत राहिले. ती वाट बघत उभी राहिली. तिची वाट बघायची तयारी पाहून मला पुन्हा राग आला, आणि रागातच मी खरं बोलून गेले. "तुझी आई ओरडत होती. मी तिकडे बघितलं. म्हणून दिसलं नाही. आणि दिसलं नाही तरी हात वर केला, कारण ती ओरडत होती."

मला वाटलं रडेल. ती रडली नाही.

"मी सहावीपासून खेळून राहिली," ती म्हणाली. "हा माझा शाळेचा शेवटचा सामना होता. माझा. आईचा नाही, तुमचा नाही."

"मी सरांना लिहून देते, चूक झाली म्हणून."

"त्यानं काय होते?"

"काही नाही."

"मग तुमच्यासाठीच लिहा," ती म्हणाली आणि गेली. लंगडत होती, पण मागे वळून पाहिलं नाही.

मी लिहून दिलं. त्याच दिवशी, मंडपातलं एक कोरं पान मागून घेतलं आणि शेवटच्या निर्णयात मी चुकले, टॅग न बघता आउट दिला, एवढंच लिहिलं. मुद्दाम दिलेल्या त्या बॉलबद्दल लिहिलं नाही. तेवढं धैर्य झालं नाही. सरांनी कागद वाचला, चार घड्या घालून खिशात ठेवला आणि म्हणाले, "या सामन्याची कुठे नोंद नाही. आता हे कोणाले दाखवू?" त्यानंतर त्यांनी मला जिल्ह्याच्या कामाला बोलावलं नाही. शेजारच्या जिल्ह्यांतून बोलावणी येतात, तिकडे जाते.

मैत्रिणीला मी फोन केला. नंबर दुसऱ्या पंचाकडून मिळवला. तिने उचलला, माझा आवाज ओळखला आणि म्हणाली, "माझ्याशी बोलायचं काही काम नाही. माफी मागायची असेल तर पोरीले माग." मी म्हटलं, तुझ्याशीही बोलायचं आहे, यादीबद्दल. ती म्हणाली, "त्या यादीचं मी तेव्हाच सरांले विचारलं होतं. तुले काहून नाही घेतलं म्हणून भांडली होती मी. तू कधी विचारलंच नाही." आणि फोन ठेवला. हे खरं की खोटं मला माहीत नाही. मी एकदा विचारलं होतं, हे तिला आठवत नसेल. किंवा त्या वेळी तिच्याकडे उत्तर नव्हतं आणि नंतर तिने जाऊन विचारलं असेल. आता ते शोधून काढायचं कोणाकडून?

पुढच्या हिवाळ्यात शेजारच्या जिल्ह्यात महाविद्यालयांच्या स्पर्धेत मला प्लेटवर नेमलं होतं. संघ मैदानात आले तेव्हा एका संघाच्या कॅचरच्या जागेवर तीच मुलगी दिसली. तिने मला पाहिलं. ती बसली नाही. आपल्या कर्णधाराकडे गेली, कर्णधार आयोजकांकडे गेली, आणि आयोजक अवघडून माझ्याकडे आले.

"मॅडम, त्या संघाचं म्हणणं आहे की पंच बदलावा. कारण सांगत नाहीत. नियमात तसं बसत नाही. तुम्ही नाही म्हणालात तर मी त्यांना सांगतो."

मी त्या मुलीकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. पिचरला सरावाचे चेंडू टाकायला सांगत होती.

"बदला," मी म्हणाले. "मी तिसऱ्या बेसवर उभी राहते."

मुखवटा मी तिसऱ्या बेसवरच्या पंचाला दिला. सामना दीड तास चालला. ती चांगली खेळली. दोनदा माझ्या समोरून, तिसऱ्या बेसवरून धावत गेली. दोन्ही वेळा सेफ होती, आणि दोन्ही वेळा मी ते नीट पाहिलं.